गरुड बसलाय

गरुड झाडावर बसलाय हे आम्हाला सकाळी सव्वानऊला कळलं आणि दुपारी एक वाजता तो बसलेलाच होता. मधल्या वेळात मी थर्मासमधला सगळा चहा संपवला, एका मेंढीशी तीनदा नजरानजर झाली आणि गरुडाचे चारशे बारा फोटो काढले, ज्या सगळ्यांत तो बसलाय. वेगवेगळ्या पोझमध्ये नाही हां, एकाच. फोटो भराभर पुढे सरकवले तर मागचे ढग हलताना दिसतात, गरुड नाही.

आता मी काही पक्षीवाला माणूस नाही. डोंबिवलीत वाढलो, त्यामुळे कावळा, चिमणी, कबूतर आणि 'तो हिरवा' इथे माझं पक्षीज्ञान संपतं. पण आमच्या शाळेच्या ग्रुपवर एक जण आहे, दर हिवाळ्यात ताडोब्याला जातो आणि वाघ टाकतो. पाणी पिणारा वाघ, जांभई देणारा वाघ, कॅमेऱ्याकडे बघून 'काय रे?' म्हणणारा वाघ. खाली पन्नास जणांचे अंगठे. मी ग्लासगोला राहून काय टाकणार, तर पाऊस, दहा वर्षं पाऊसच टाकतोय. मग ऑफिसात कोणीतरी सांगितलं की स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्याजवळच्या आयल ऑफ मल नावाच्या बेटावर समुद्र गरुड दिसतात, ब्रिटनमधला सगळ्यात मोठा शिकारी पक्षी, आणि माझ्या डोक्यात किडा वळवळला.

लेन्स भाड्याने आणली, लग्नात शेरवानी आणतात तशी, म्हणजे मिरवण्याच्या आनंदापेक्षा डाग पडेल याचं टेन्शन जास्त. दीडशे ते सहाशे एमएम, वजन दोन किलोच्या आसपास आणि डिपॉझिट ऐकून मी दुकानदाराला "पर डे का?" असं विचारलेलं. ओबान बंदरातून मलला बोटीने पन्नासेक मिनिटं लागतात, तेवढा वेळ ती बॅग मी मांडीवरून खाली ठेवली नाही. बायको म्हणाली, "पोरगी लहान असताना इतकं धरलं नव्हतंस."

बेटावरचे रस्ते एकपदरी, म्हणजे दोन्ही दिशांना मिळून एकच पदर. थोड्या थोड्या अंतरावर रस्ता जरा फुगवलेला असतो, समोरून गाडी आली की तिथे आपण दबून राहायचं आणि जाणाऱ्याने हात वर करून आभार मानायचे. पहिल्या दिवशी मी इतके हात वर केले की मला प्रचाराला निघालेल्या उमेदवारासारखं वाटायला लागलं. फक्त त्या फुगीर जागेत गाडी पार्क करायची नाही, आणि मी नेमकी तिथेच केली, कारण वर गरुड दिसला. मागून एक ट्रॅक्टरवाला आला. हॉर्न नाही, शिवी नाही, काही नाही, नुसता माझ्याकडे बघत बसला. त्या बघण्यापेक्षा आपल्याकडच्या आयमायवरच्या शिव्या परवडल्या.

पहिल्या दिवशी मी एकूण सात गरुड टिपले. संध्याकाळी आम्ही उतरलो होतो त्या बी अँड बीच्या, म्हणजे राहणं आणि नाश्ता देणाऱ्या घराच्या काकूंना मोठ्या अभिमानाने दाखवले. त्यांनी चष्मा लावून सातही नीट बघितले आणि पेशंटच्या नातेवाइकांशी बोलतात तशा आवाजात सांगितलं की हे सगळे बझर्ड आहेत, म्हणजे गरुडापेक्षा बराच लहान शिकारी पक्षी. तिकडे बझर्डला 'टुरिस्ट ईगल' असंच म्हणतात म्हणे, कारण टुरिस्टांना दुसरा कुठला ईगल दिसतच नाही. मग खरा कसा ओळखायचा? तर काकू म्हणाल्या, कोठाराचं दार बिजागरीतून निघून उडत चाललंय असं वाटलं की तो. हे अगदी खरंय. पंख पसरले की टोकापासून टोकापर्यंत जवळपास अडीच मीटर, म्हणजे आमच्या डोंबिवलीच्या किचनमध्ये तो पंख पसरून उभा राहायचा म्हटलं तर आधी फ्रिज बाहेर काढावा लागेल.

दुसऱ्या दिवशी काकूंनी नकाशावर पेनाने गोल करून दिला, लॉख ना कील. खाडीच आहे ती, एका बाजूला डोंगर, एका बाजूला पाणी, मधून तो एकपदरी रस्ता. तिथे रस्त्याच्या कडेला आधीच सात-आठ माणसं दुर्बिणी लावून एका झाडाकडे बघत होती. घरटं असेल तर जवळ जायचं नसतं, १९८१ च्या कायद्याने त्याला घरट्यापाशी त्रास देणं हा गुन्हा आहे, त्यामुळे सगळे लांबून. झाड म्हणजे काय तर अगरबत्तीएवढं दिसणारं एक स्प्रूस आणि त्याच्या शेंड्याला अडकलेली गोणी. ती गोणी म्हणजे गरुड.

आणि वारा पडलेला. वारा पडला की तिकडे चिलटं येतात. मिजेस म्हणतात त्यांना, आपल्या चिलटांची चावरी चुलत भावंडं, एक दिसतच नाही आणि दहा हजार एकदम दिसतात. मी घरून आणलेलं डासांचं क्रीम थापलेलं, ते त्यांनी चटणीसारखं तोंडी लावलं. बाकीची अनुभवी मंडळी डोक्यावरून बारीक जाळी ओढून मधमाशीवाल्यांसारखी शांत उभी. एका आजींनी त्यांच्याकडची जादाची जाळी मला दिली. ती घातल्यावर कळलं की शंभरेक चिलटं माझ्यासोबत आतच राहिली आहेत.

शेजारी एक आजोबा होते, फोल्डिंगची खुर्ची, मोठी टेलिस्कोप, सँडविचचा डबा, म्हणजे रोजची बैठक. गरुड हलत नाही म्हणून ते मला त्याची कुंडली सांगायला लागले. मेंढ्यांवर हल्ला करतो म्हणून, अंडी जमवायची म्हणून, नुसती हौस म्हणून लोकांनी हे गरुड मारले, आणि १९१८ साली शेटलंडमध्ये शेवटच्याला गोळी घातली. ब्रिटनमध्ये शून्य. मग १९७५ पासून नॉर्वेहून पिल्लं आणून रम नावाच्या बेटावर सोडायला सुरुवात केली, दहा वर्षांत ८२ पिल्लं, तीही रॉयल एअर फोर्सच्या विमानातून. आणि १९८५ साली पहिलं इथलं पिल्लू घरट्यातून उडालं ते याच मल बेटावर. "आपल्या या साहेबांचे आजोबा-पणजोबा नॉर्वेचे," ते गोणीकडे बोट दाखवून म्हणाले.

हे ऐकून मला आनंद व्हायला हवा होता, पण आधी जळफळाट झाला. एअर फोर्सचं विमान! मी मुंबईहून आलो तेव्हा दोन ठिकाणी बोटांचे ठसे, क्षयाची तपासणी, बँक स्टेटमेंट, वर हेल्थ सरचार्ज, आणि याला नॉर्वेतून उचलून आणून वर जेवणखाण! पण मग आजोबा म्हणाले की पिल्लू सगळंच्या सगळं तपकिरी असतं, चोच काळपट, शेपटीसुद्धा तपकिरी, ती पांढरीशुभ्र व्हायला जवळपास पाच वर्षं जातात. पाच वर्षं! मी बायकोकडे बघितलं, तिने माझ्याकडे. आमचं आयएलआर, म्हणजे इथे कायमचं राहायचा शिक्का, बरोब्बर पाच वर्षांनी आलेला. गोणीबद्दल मला एकदम आपुलकी वाटायला लागली.

मी ही आपुलकी मनात घोळवत जाळीच्या आतून नाक खाजवत होतो तेवढ्यात एक राखी-काळा कावळा आला. त्या अगडबंब गरुडाच्या डोक्यावरून एक चक्कर मारली, दुसरीला चक्क टपली मारली. आणि पक्षिराज उठले! चार तास हलला नाही तो माणूस (माणूसच म्हणतो आता) एका कावळ्याला कंटाळून उठला, थेट आमच्या डोक्यावरून समुद्राकडे गेला, सगळ्यांच्या कॅमेऱ्यांतून मशीनगनसारखा खटखटखट आवाज, आणि मी जाळी वर करू, लेन्स वर करू की नाक सोडू या गडबडीत. एकच फोटो आला. वरच्या उजव्या कोपऱ्यात पाचरीसारखी पांढरीशुभ्र शेपटी आणि बाकी सगळं आभाळ. लेकीने स्क्रीनवर बघितलं आणि म्हणाली, "बाबा, तो गेला याचा फोटो छान आलाय."

तिसऱ्या दिवशी शेवटचा उपाय म्हणून बोट केली. या सगळ्यात बायकोने एकदाही दुर्बीण मागितली नव्हती. ती मालवणची. "आमच्या किनाऱ्यावर असतोच की समुद्र गरुड, पांढऱ्या पोटाचा," ती पहिल्या दिवसापासून म्हणत होती, "त्याला बघायला कोणी लेन्स भाड्याने आणत नाही, उलट सुकत घातलेली मासळी आत घे म्हणतात." पण बोटवाल्याने बादलीत हात घातला आणि बांगडा काढला. आपला नाही, त्यांचा अटलांटिकवाला, पाठीवर नागमोडी पट्टे असलेला, पण बांगडाच. हिने पाच रांगा मागून ओळखला आणि ताडकन उभी राहिली. बोटवाल्याने तो शिट्टी मारून पाण्यात भिरकावला. "अरे माझ्या कर्मा," ती मालवणीत ओरडली, "एवढो ताजो बांगडो फुकट घालवल्यान!"

पहिला बांगडा सीगलने नेला, दुसराही सीगलनेच. तिसऱ्याला किनाऱ्यावरच्या खडकातून एक खडक सुटला आणि आमच्याकडे यायला लागला. मी आयुष्यात पहिल्यांदा वेळेवर तयार होतो. तो पाण्यालगत आला तेव्हा लेन्सची गरजच नव्हती, ती लांब करायला जागा नव्हती इतका जवळ. पिवळे पाय पुढे काढले, काळ्या नख्या उघड्या, आणि भाजी निवडताना कचरा बाजूला करावा तसा अलगद बांगडा उचलला. पंखांचा आवाज सतरंजी झटकल्यासारखा, फट्, फट्. नख्यांतून पाण्याची धार. खटखटखट, सगळं टिपलं, डोळा फोकसमध्ये, बांगड्याचा डोळासुद्धा फोकसमध्ये. मी ओरडलो, लेक ओरडली, बायको म्हणाली, "मोठा होता रे तो."

बोटवाल्याने माझ्या स्क्रीनवर डोकावून 'ब्रिलियंट' म्हटलं आणि वर सांगितलं, पोरगेला आहे, दुसऱ्या वर्षातला असेल. तेव्हा मला दिसलं. फोटोत सगळं होतं, पंख, चोच, नख्या, बांगडा, पण शेपटी तपकिरी. म्हणजे माझ्याकडे एकात शेपटी आहे पण गरुड नाही, आणि दुसऱ्यात गरुड आहे पण शेपटी नाही. लेक म्हणाली, दोन्ही जोडून टाक. मी पाच मिनिटं खरंच विचार केला, खोटं कशाला बोलू.

रात्री बी अँड बीच्या वायफायवर तो फोटो शाळेच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, पांढऱ्या शेपटीचा समुद्र गरुड, स्कॉटलंड. पहिला रिप्लाय आला, शेपटी कुठंय पांढरी? दुसरा, घार आहे ही. तिसरा, आमच्या सोसायटीच्या टाकीवर रोज बसते. मग एकाने गुड मॉर्निंगचा गुलाब टाकला आणि माझा गरुड वर सरकून दिसेनासा झाला. एअर फोर्स, ८२ पिल्लं, १९८५, सगळं टाईप करायला घेतलं आणि खोडून टाकलं, घार तर घार.

झोपायच्या आधी एक पर्सनल मेसेज आला, त्या ताडोबावाल्याचा. लिहिलेलं, "पोरगेला दिसतोय. दुसरं वर्ष का?"

मी लिहिलं, "हो, दुसरंच. अजून तीन आहेत."

"भारी आलाय. लेन्स कुठली?"

"उद्या परत करायचीय," मी लिहिलं, आणि उठून बॅगेची चेन नीट लागलीय ना ते पुन्हा एकदा बघितलं.