'आकडा खाली आणण्याचा खेळ': एका प्रतिक्रियेला उत्तर

गेल्या लेखात मी म्हटलं होतं, की ओपन सोर्स प्रकल्पाच्या ट्रॅकरवर, म्हणजे तक्रारी-मागण्यांच्या नोंदवहीत, बग (दोष) आणि फीचर रिक्वेस्ट (नव्या सोयीची मागणी) एकाच ढिगात पडू देऊ नयेत, आणि ज्या इश्यूवर (नोंदीवर) कुणीच काम करणार नाही हे दिसतंय तो मेंटेनरने, म्हणजे प्रकल्प सांभाळणाऱ्याने, कारण लिहून बंद करावा. त्यावर 'एक वापरकर्ता' या नावाने लांबलचक प्रतिक्रिया आली आहे. तिचा गाभा असा: "मेंटेनर लोकांचा हा आवडता खेळ आहे. बग सुटत नाही, मग इश्यू बंद करा, आकडा खाली आणा आणि प्रकल्प ठणठणीत असल्याचं मिरवा. डेबियनमध्ये वॉन्टफिक्सचा टॅग लावला तरी बग उघडाच राहतो, ते शिका जरा." (डेबियन ही लिनक्सवर आधारलेली ऑपरेटिंग सिस्टिम, वॉन्टफिक्स म्हणजे 'दुरुस्त करणार नाही'.) टेम्प्लेट, म्हणजे इश्यू लिहायचा ठरीव साचा, पाहून नवखे लोक पळून जातात आणि साठ दिवसांनी बॉटने, म्हणजे आपोआप चालणाऱ्या प्रोग्रॅमने, इश्यू बंद करणं हा अपमान आहे, असेही दोन मुद्दे पुढे आहेत.

मतभेदाला माझी हरकत नाही. हे वाक्य चिडलेला प्रत्येक लेखक लिहितो, ठाऊक आहे मला, तरी लिहितो. हरकत आहे ती "शिका जरा"ला, आणि त्याहून जास्त "मिरवा"ला. माझी पद्धत चुकीची आहे असं म्हणाला असतात तर आपण पद्धतीवर बोललो असतो. तुम्ही थेट माझा हेतू ठरवून मोकळे झालात. उघड्या इश्यूंचा आकडा कमी दिसला म्हणून मला कोण शाबासकी देणार आहे, सांगाल का? पगारवाढ मिळत नाही, कारण मुळात पगारच नाही. आकडा मिरवायचाच असता तर सोपा मार्ग होता: सेटिंग्जमध्ये जाऊन इश्यूचा टॅबच बंद करायचा. असे प्रकल्प जिथे ठेवले जातात त्या गिटहबवर ती सोय एका टिचकीवर आहे आणि बरेच प्रकल्प ती वापरतात. त्यांना तुम्ही "शिका जरा" म्हणायला गेला होतात का?

मी मेंटेनर होऊन जन्माला आलो नाही. कितीतरी वर्षं मी ट्रॅकरच्या तुमच्याच बाजूला होतो. लॅपटॉप झोपेतून उठल्यावर पडदा काळाच राहतो, असा एका ड्रायव्हरमधला दोष मी नोंदवला होता. उत्तर आलं, "आमच्याकडे होत नाही." राग आला, पण प्रतिक्रियांमध्ये जाऊन कुणाचे हेतू काढले नाहीत. गिट बायसेक्ट शिकलो, म्हणजे कोडमधल्या नेमक्या कुठल्या बदलाने बिघाड आला ते शोधायची रीत. चांगली चालणारी आवृत्ती आणि बिघडलेली आवृत्ती यांच्यामधला मधला कमिट (कोडमधला नोंदलेला बदल) घ्यायचा, तो बिल्ड करायचा, म्हणजे त्या कोडपासून चालणारा प्रोग्रॅम बनवायचा, मशीन रीबूट करून झोपवायचं, उठवायचं, 'गुड' किंवा 'बॅड' सांगायचं, की उरलेले कमिट निम्मे होतात. हजार कमिट असले तरी दहाएक फेऱ्यांत दोषी सापडतो. फेरी लहान नसते, हे ज्याने केलंय त्याला माहीत आहे. बिल्ड चालू असताना पंख्याचा आवाज ऐकत बसायचं. शेवटी दोषी कमिटचा हॅश (ओळख क्रमांक) इश्यूत टाकला आणि पुढच्या रिलीजमध्ये दुरुस्ती आली. तेव्हा बंद झालेल्या इश्यूचं दुःख काय असतं ते मला शिकवू नका. मी ते भोगलंय आणि हातपाय हलवून बाहेरही पडलोय.

आता आमच्या ट्रॅकरचं. आमचं टूल छोटं आहे: फाइलींचा इंडेक्स बनवतं आणि नावाने किंवा मजकुराने शोधून देतं. एक इश्यू आला, शीर्षक "सर्च चालत नाही". खाली मजकूर: "काही फाइली सापडत नाहीत. लवकर दुरुस्त करा." व्हर्जन नाही, ऑपरेटिंग सिस्टिम नाही, कुठली फाइल तेही नाही. मी विचारलं. शांतता. पुन्हा विचारलं, "माहिती हवी" हे लेबल लावलं, मुदत संपली आणि इश्यू बंद झाला. तुमच्या हिशेबाने आकडा एकाने खाली आला आणि मी मिरवायला मोकळा.

काही महिन्यांनी दुसऱ्याच एका माणसाला तोच त्रास झाला. त्याने नवा इश्यू टाकण्याआधी ट्रॅकरवर शोधलं, तो बंद इश्यू त्याला सापडला, आणि त्याने त्याखाली फक्त एका फाइलचं नाव चिकटवलं: "दुसऱ्या सत्राचे गुण". सोबत एक ओळ, की फाइल जुन्या मॅकच्या डिस्कवरून आली आहे. एवढ्यावर सगळं उलगडलं. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावर अक्षरांना क्रमांक देण्याच्या पद्धतीत, ऱ दोन तऱ्हांनी लिहिता येतो. यू+०९३१ हा एकच कोड, किंवा साधा र, म्हणजे यू+०९३०, आणि त्यापुढे नुक्त्याचा (अक्षराखालच्या टिंबाचा) यू+०९३सी. पडद्यावर दोन्ही हुबेहूब. मॅकची जुनी एचएफएस प्लस फाइल सिस्टिम नावं साठवताना अशी अक्षरं सुटी करून ठेवायची. इन्स्क्रिप्ट कीबोर्डवर मात्र ऱ ची स्वतःची कळ आहे, तिथून एकच कोड येतो. बाइट जुळत नाहीत, आणि फाइल डोळ्यांसमोर असून सर्चला दिसत नाही. इंडेक्स करताना आणि शोधताना, दोन्हीकडे नाव एनएफसी, म्हणजे युनिकोडच्या जोडलेल्या, रूपात आणलं, ऱ घातलेली एक टेस्ट लिहिली. जुनाच इश्यू पुन्हा उघडला, लेबल बदललं, आणि दुरुस्तीच्या कमिटमध्ये त्याचाच नंबर टाकून बंद केला.

पहिल्या माणसाचं म्हणणं खरंच होतं की नाही? होतं. अगदी खरं होतं. पण त्याच्या इश्यूत मला हात घालता येईल असं काय होतं? "काही फाइली" या दोन शब्दांवरून मी नुक्त्यापर्यंत कसा पोहोचणार होतो? तो इश्यू तसाच उघडा राहिला असता तर तो उघडा राहिल्यामुळे नुक्ता सापडला नसता. तो सापडला फाइलच्या नावामुळे. आणि इश्यू बंद झाला म्हणून पुसला गेला नव्हता. त्याचा नंबर, त्याची लिंक, त्याखालची चर्चा, सगळं जागेवर होतं. गिटहबची यादी आपणहून फक्त उघडे इश्यू दाखवते, मान्य, पण तो फिल्टर काढायला किती कष्ट लागतात?

राहता राहिलं डेबियन. उदाहरण दिलंत ते बरं झालं, पण अर्धंच दिलंत. तिथे वॉन्टफिक्स हा टॅग आहे आणि तो लावून बग उघडा ठेवता येतो, हे बरोबर. पण त्याच डेबियनमध्ये प्रत्येक बगला गंभीरतेची पायरी असते. सात पायऱ्या आहेत, 'क्रिटिकल'पासून 'विशलिस्ट'पर्यंत, आणि फीचरची मागणी सगळ्यात खालच्या विशलिस्टमध्ये जाते. म्हणजे गेल्या लेखात मी जे मागत होतो, बग वेगळे आणि मागण्या वेगळ्या, ते तिथे आधीपासून चालू आहे. रिलीज अडतं ते वरच्या तीन पायऱ्यांमुळे: क्रिटिकल, ग्रेव्ह, सीरियस. विशलिस्टवर काय साचलंय याने रिलीजला फरक पडत नाही. शिवाय प्रत्येक पॅकेजची यादी स्वतंत्र आणि तिला सांभाळणारा माणूस किंवा गट स्वतंत्र. अशा व्यवस्थेत शेकडो उघडे बग ठेवणं परवडतं, कारण ते कुणाच्या वाटेत येत नाहीत. आणि बंद झालेला बग २८ दिवस शांत राहिला की तिथेही तो अर्काइव्हमध्ये जातो. हे तुमच्या प्रतिक्रियेत कुठे दिसलं नाही.

दुसरीकडे बगझिला हा ट्रॅकर घ्या. १९९८ मध्ये मोझिला प्रकल्पासाठी लिहिला गेला आणि पुढे कितीतरी प्रकल्पांनी उचलला. त्यात वॉन्टफिक्स हा टॅग नाही, निकाल आहे. तो दिला की बग बंद. 'वर्क्सफॉरमी' म्हणजे "माझ्याकडे नीट चालतंय", हाही निकालच. दोन्ही पद्धती दशकानुदशकं मोठमोठे प्रकल्प पेलत आल्या आहेत. मग मी कुणाकडून शिकायचं, ते तुम्हीच ठरवणार का?

इश्यू उघडा ठेवला की तो कधी ना कधी सुटतो, ही श्रद्धा कुठून येते मला कळत नाही. जीटीके म्हणजे ग्नोम या लिनक्स डेस्कटॉपच्या खिडक्या-बटणं बनवायचं साधन; त्याच्या फाइल निवडायच्या खिडकीत चित्रांच्या थंबनेलची जाळी दिसावी, ही मागणी २००४ मध्ये नोंदवली गेली. ती उघडी राहिली. त्यावर लोकांनी विनवण्या केल्या, टोमणे मारले, पुढे तर इंटरनेटवर तो चेष्टेचा विषय झाला. मधल्या काळात ग्नोमने २०१८ मध्ये बगझिला सोडून गिटलॅब धरलं, मागणीही सोबत गेली. सोय आली ती ग्नोम ४४ मध्ये, २०२३ साली. का आली? जीटीके ४ मध्ये याद्या आणि जाळ्या दाखवायचे नवे विजेट (पडद्यावरचे तयार घटक) आले, फाइलची खिडकी त्यांवर उतरवता आली, आणि कुणीतरी बसून ते काम केलं. जवळपास दोन दशकं उघड्या असलेल्या ओळीने कोडची एकही ओळ लिहिली नाही. तिने एवढंच केलं, की दर वर्षी नव्या लोकांना वाटत राहिलं की हे आता होईल. मी जेव्हा "हे आम्ही करणार नाही, कुणी पॅच (बदलाचा कोड) दिला तर बघू" असं लिहून इश्यू बंद करतो, तेव्हा माणसाला निदान खरं काय ते कळतं. तो दुसरं टूल शोधू शकतो, फोर्क करू शकतो, म्हणजे कोडची आपली वेगळी प्रत चालवू शकतो, मला शिव्या घालू शकतो. तिसरा पर्याय तुम्ही निवडलात.

आणि हो, या सुराचा प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाही. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या कॉम्प्रेशनच्या टूलमध्ये चोरदार (बॅकडोअर, म्हणजे गुपचूप आत शिरायची वाट) घुसवलेलं सापडलं, ते आठवत असेल. ते घुसवणाऱ्याला प्रकल्पात जागा कशी मिळाली? २०२२ मध्ये मेलिंग लिस्टवर काही खाती मूळ मेंटेनरच्या मागे लागली होती: पॅच का अडलेत, रिलीज का नाही, झेपत नसेल तर दुसऱ्याच्या हाती द्या. तो माणूस सांगत होता की आपली तब्येत बरी नाही, हा बिनपगारी छंदाचा प्रकल्प आहे. तरी रेटा चालूच राहिला आणि 'मदतीला' आलेल्याचा प्रकल्पात शिरकाव झाला. तुम्ही त्यांच्यातले आहात असं मी म्हणत नाही. पण "मेंटेनर लोक" असा ठोक शब्द वापरून सगळ्यांना एका काठीने हाकताना, पलीकडे बहुधा एकच माणूस बसलेला असतो आणि त्याची रात्रीची झोप बाकी असते, एवढं ध्यानात घेतलंत तर बरं.

बाकीचे मुद्दे. टेम्प्लेट नवख्यांना पळवून लावतो म्हणता. लावत असेल. जानेवारी २०१६ मध्ये अनेक प्रकल्पांच्या मेंटेनरांनी मिळून गिटहबला जाहीर पत्र लिहिलं होतं, त्यात इश्यूमध्ये ठरावीक माहिती मागायची सोय द्या ही एक मागणी होती आणि "+१" एवढंच लिहिलेल्या कमेंटच्या पुराची तक्रारही होती. थोड्याच महिन्यांत टेम्प्लेटही आले आणि अंगठ्याच्या प्रतिक्रियाही. गरज होती म्हणून आले, कुणाला घाबरवायला नाही. आमच्या टेम्प्लेटमध्ये व्हर्जन, ऑपरेटिंग सिस्टिम, काय केलं, काय व्हायला हवं होतं आणि काय झालं, एवढेच रकाने आहेत. यापेक्षा कमी काय मागू?

बॉटबद्दल मात्र तुमचं थोडं पटलं. साठ दिवसांनी 'स्टेल' (शिळा) आणि त्यानंतर सात दिवसांनी बंद, ही त्या बॉटची मूळची सेटिंग आहे आणि ती आम्ही कधी बदलली नव्हती. माणूस परीक्षेत असतो, आजारी असतो, नोकरी बदलत असतो. साठ दिवस कमीच आहेत. आता १८० केले आहेत. ज्या इश्यूला "बग पक्का" हे लेबल आहे त्याला बॉट पूर्वीही हात लावत नव्हता, यापुढेही लावणार नाही. बॉटच्या संदेशाचा मजकूरही रुक्ष होता, तो बदलला. अपमान वगैरे शब्द मला तरीही जास्त वाटतात. यंत्राने कुणाचा अपमान करायचा?

राहून राहून एक गोष्ट खटकते. इतक्या त्वेषाने लिहिलंत, पण तुमचा नेमका कुठला इश्यू बंद झाला ते एका अक्षराने सांगितलं नाहीत. आमच्या ट्रॅकरवरचा होता की आणखी कुठला, हेही कळायला मार्ग नाही. आमच्याकडचा असेल तर नंबर द्या. उघडून बघतो. बग असेल आणि माझ्या मशीनवर तो दिसला तर उघडा ठेवीन. फीचरची मागणी असेल तर मागच्या वेळी जे उत्तर दिलं असेल तेच बहुधा पुन्हा मिळेल, हे आधीच सांगून ठेवतो.