हँडल म्हणजे नुसता आकडा नव्हे

“हँडल म्हणजे शेवटी एक आकडा. बाइंडिंगमध्ये त्याला वेगवेगळे टाइप दिले की उगाच कास्ट वाढतात आणि प्रोग्रामही मंदावतो. सी भाषेवाल्यांचं इतकी वर्षं काय अडलं?” हे मत प्रोग्रामरांमध्ये सतत ऐकू येतं. मला ते साफ चुकीचं वाटतं. (हँडल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमने खिडकी, फाइल वगैरेंना दिलेली ओळखखूण, बाइंडिंग म्हणजे सिस्टिमची फंक्शन्स दुसऱ्या भाषेतून वापरू देणारा कोड, टाइप म्हणजे मूल्याचा प्रकार आणि कास्ट म्हणजे एका टाइपचं दुसऱ्यात रूपांतर.)

सीवाल्यांचं अडलं होतं. विंडोज 3.1 च्या एसडीकेपासून (प्रोग्राम लिहिणाऱ्यांसाठीचा संच) हेडर फायलींत ‘स्ट्रिक्ट’ नावाचा मॅक्रो, म्हणजे एक स्विच, आहे. तो लावला की खिडकीचं हँडल आणि डिव्हाइस कॉन्टेक्स्टचं (जिथे चित्र काढायचं त्या जागेचं) हँडल हे दोन वेगळ्या स्ट्रक्टचे पॉइंटर, म्हणजे दोन वेगळे टाइप, होतात आणि एकाच्या जागी दुसरं दिलं तर कंपायलर (कोड तपासून त्याचा प्रोग्राम बनवणारा) हटकतो.

पण फाइल, प्रोसेस (चालू प्रोग्राम), थ्रेड (प्रोग्राममधला कामाचा एक धागा) यांना तिथेही एकच टाइप उरला आणि खरी गोची इथेच आहे. फाइल उघडणारं क्रिएटफाइल हे फंक्शन फसलं तर उणे 1 देतं, प्रोसेसचं हँडल देणारं ओपनप्रोसेस फसलं तर शून्य. क्रिएटफाइलचं उत्तर कुणी शून्याशी ताडून पाहिलं तर कोड बिनतक्रार कंपाइल होतो आणि न उघडलेली फाइल उघडली असं धरून पुढे जातो. त्यात उणे 1 हेच चालू प्रोसेसचंही नकली हँडल! प्रोसेस मागणाऱ्या फंक्शनला ते चुकून गेलं तर आपण स्वतःच्याच प्रोसेसला हात घालतो. बंद करण्याचीही तीच तऱ्हा: फाइल शोधणाऱ्या फाइंडफर्स्टफाइलने दिलेलं हँडल फाइंडक्लोजनेच मिटवायचं, क्लोजहँडलने नाही. टाइप एकच असल्यावर हे कंपायलरला कळणार कसं?

मंदावण्याची भीतीही निराधार आहे. रस्ट या भाषेत 1.63 आवृत्तीपासून (2022) ‘ओन्डएफडी’ हा उघड्या फाइलची मालकी धरणारा वेगळा टाइप आहे. युनिक्सवर तो साध्या फाइल डिस्क्रिप्टरइतकीच (उघड्या फाइलच्या क्रमांकाइतकीच), 4 बाइट जागा घेतो. उणे 1 राखून ठेवल्यामुळे ‘ऑप्शन’मध्ये (मूल्य असेल किंवा नसेल असं सांगणारा टाइप) गुंडाळला तरी तेवढीच.

कास्टची तक्रार थोडी खरी आहे. चित्र काढायचं साधन निवडणाऱ्या सिलेक्टऑब्जेक्टला पेन, ब्रश, फाँट सगळंच चालतं. तिथे बाइंडिंगने सोपं रूपांतर द्यायलाच हवं.

“चुका टेस्टमध्ये सापडतात” हे मात्र मला मुळीच पटत नाही. पॉझिक्समध्ये (युनिक्ससारख्या सिस्टिमांच्या मानकात) फाइल उघडणारं ओपन नेहमी सर्वांत लहान मोकळा क्रमांक देतं. एका थ्रेडने 7 क्रमांक बंद केला, दुसऱ्याने उघडलेल्या फाइलला तोच 7 मिळाला आणि पहिल्याने चुकून पुन्हा 7 बंद केला, तर दुसऱ्याची फाइल मिटते. कुठलाही एरर येत नाही. ‘ओन्डएफडी’ असता तर पहिल्या बंदनंतर तो व्हेरिएबल वापरणारी ओळ कंपाइलच झाली नसती.