अळ्या पाळायला चालतात, मग खायला काय धाड भरते?

मराठवाड्यात लोकांना किड्यांची किळस येते असं कुणी म्हणालं की मला हसू येतं. बीड-जालन्याकडं गावोगाव तुतीचे मळे आणि रेशमाचे शेड आहेत. चॉकी, म्हणजे लहान अळ्या, आणल्यापासून कोष होईपर्यंत घरादाराचं लक्ष त्या अळ्यांवर. पाचव्या अवस्थेत तर पाला टाकता टाकता माणसांची जेवणं राहून जातात. अंगावर अळी चढली तर वहिनी ती अलगद उचलून परत पाल्यावर ठेवते, ईऽऽ वगैरे कुणी करत नाही. पण तीच खायची म्हणा, अख्खं घर उठून पळतं. हातावर चालते, ताटात चालत नाही.

आता जरा हिशेब बघा. जालन्याच्या कोष बाजारात आपण ज्या ताज्या कोषाचे किलोवर पैसे घेतो, त्याच्या वजनात ८० टक्क्यांच्या आसपास आतला प्युपाच, म्हणजे कोषात गेलेली अळीच, असते. धागा निघाला की हा प्युपा उरतो. वाळवला तर त्यात साधारण निम्मी प्रथिनं, शिवाय भरपूर तेल. मासे आणि कोंबड्यांच्या खाद्यात तो जातो, राहिला तर कुजतो, आणि तो वास एकदा नाकात गेला की खाण्याचा विषयच संपतो. कोरियात हाच प्युपा शिजवून कागदी कपात रस्त्यावर विकतात. आसामात एरी रेशमाचा प्युपा आवडीनं खातात. ओडिशात मयूरभंजच्या लाल मुंग्यांच्या चटणीला २०२४ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं, आपल्या बीडच्या सीताफळाला आहे तेच.

मी खाऊन बघितलाय. चुलतभावाच्या शेडमधले पोचट कोष ब्लेडनं कापले. आतला प्युपा तपकिरी, बोट लावलं की शेपटाकडून वळवळतो. हात मागं आलाच. उकळून, तिखट-मीठ लावून तेलात कडक तळले. चव भाजल्या शेंगदाण्याची, मागून तुतीच्या पाल्याचा हिरवट वास. डोळे मिटले तर काही वाटत नाही, उघडले की घास तोंडात फिरायला लागतो.

भाऊ बाजूला उभा राहून बघत होता. म्हणाला, "दादा, तुझं ठीक हाय, तू राहतो शहरात. मी खाल्लं तर गाव काय म्हणंल?"

गाठ इथं आहे. आपल्याकडं माणूस काय खातो यावरून त्याची पायरी ठरवतात, त्याच्या घरचं पाणी प्यायचं की नाही हेही. 'किडे खाणारा' हा शिक्का कुणाला हवाय? त्याच्यापुढं प्रथिनांचा तक्ता धरून काय उपयोग!

म्हणूनच 'कुपोषणावर स्वस्त उपाय' असं कुणी म्हटलं की मी सावध होतो. १९७२ च्या दुष्काळात रेशनवर अमेरिकेची लाल मिलो ज्वारी आली. भूक होती म्हणून लोकांनी खाल्ली, पण आमच्याकडच्या म्हाताऱ्या माणसांचं मिलोचं नाव काढलं की आजही तोंड वाकडं होतं. किडा आधी अंगणवाडीच्या ताटात आला तर कायमचा बदनाम होईल. आधी तो संभाजीनगरच्या महागड्या हॉटेलात येऊ द्या, जिमवाल्या पोरांच्या पावडरीत येऊ द्या. त्यांनी दोन पैसे जास्त मोजून खाल्ला की गावाला तो आपोआप बरा वाटेल. युरोपनं २०२१ मध्ये मीलवर्म नावाच्या वाळवलेल्या अळीला माणसांचं खाणं म्हणून परवानगी दिली. तिचं पीठ बिस्किटात गेलं की डोळे मिटायची गरजच उरत नाही.

शाकाहारी मंडळींना माझा काही आग्रह नाही. पण मटण-मासे चापून खाणारे जेव्हा 'आमच्या पोटात आजवर किडा गेला नाही' म्हणतात, तेव्हा त्यांनी जरा हुळा आठवावा. हरभरा डहाळ्यासकट जाळावर धरताना घाटेअळी काय उठून जाते? अमेरिकेत तर पीनट बटरच्या १०० ग्रॅममध्ये सरासरी ३० पेक्षा कमी किड्यांचे तुकडे असले तर सरकार काही म्हणत नाही.

दोन गोष्टी मात्र सांभाळायच्या. कोळंबी-खेकड्यानं ज्याच्या अंगावर पित्त उठतं त्यानं याच्या वाटेला जाऊ नये, किड्यांचीही तीच ॲलर्जी असू शकते. आणि शेडमध्ये चुना, ब्लीचिंग पावडर मारतात. खाण्यासाठी पाळायचे तर त्याचा वेगळा विचार लागेल. फवारणीची भीती मात्र कमी. तुतीच्या पाल्यावर औषध पडलं की अळीच मरते, म्हणून भाऊ शेजारच्या कापूसवाल्याच्या हातापाया पडत असतो. आपल्या बाजारातल्या वांग्याबद्दल एवढी खात्री कोण देईल?

वहिनीला पुढच्या बॅचला खाशील का विचारलं. ती म्हणाली, खायचं नंतर बघू, आधी कढई वेगळी आणा, माझ्या भाजीच्या कढईत नाही चालायचं. तसं मटणाचं पातेलं आमच्या घरात पहिल्यापासून वेगळंच आहे, आणि त्याची चूलही अंगणात.