छताचा एक फोटो काढा रे कोणीतरी!

डब्ल्यूडीएम-२ या रेल्वेच्या जुन्या डिझेल इंजिनाचं १:८७ मापाचं मॉडेल घेऊन बसलोय आणि तीन आठवडे अडलोय कुठे, तर छतावरच्या रेडिएटर पंख्याच्या जाळीपाशी. फोटो ढिगाने सापडतात, पण सगळे एकाच कोनातले: फलाटाच्या टोकावरून, तिरपे, काळा धूर ओकतानाचे. अरे, धूर मी कापसाचाही करीन! पादचारी पुलावर उभं राहून मोबाइल खाली धरायला काय पैसे पडतात का?

बरं, मिळालाच फोटो, तरी ते त्याच अवतारातलं इंजिन असेल कशावरून? २६०० अश्वशक्तीचं जुनं धूड पतियाळाच्या रेल्वे कारखान्यात जायचं, ३१०० चं होऊन परत यायचं, आणि क्रमांक तोच! मागे फक्त एक 'आर' चिकटायचा. तो धुरकट फोटोत दिसेल तर शपथ. दोन रात्रींचं कानस घासणं पाण्यात.

बोगीचं, म्हणजे इंजिनाखालच्या चाकांच्या सांगाड्याचं, तर बोलायलाच नको. तीन आसांमधली दोन अंतरं सारखी नसतात, हे आंधळ्यालाही कळेल. माझ्या हाती आलेली चासी मात्र समान अंतराची. शिवाय १६७६ मिमीच्या ब्रॉडगेजचे या मापात साधारण १९.३ मिमी व्हायला हवेत, रूळ मिळतात १६.५ चे. ते दुःख मी केव्हाच गिळलंय.

आणि घरचे विचारतात, "रंग दिलास की झालंच ना?"

रंग! पुण्याच्या इंजिन शेडचा की कल्याणच्या, आणि कुठल्या साली?