हत्तोरी ही डोरेमॉनची नक्कल नव्हे!

लेख आवडला, पण ‘निंजा हत्तोरी म्हणजे डोरेमॉनचीच नक्कल’ हे वाक्य खटकलं. क्रम नेमका उलटा आहे. हत्तोरीची मांगा (जपानी चित्रकथा) 1964 मध्ये सुरू झाली, डोरेमॉन आला 1969 च्या अखेरीस. दोन्हींवर ‘फुजिको फुजिओ’ हेच नाव असायचं, कारण ते फुजिमोतो आणि आबिको या दोन चित्रकथाकार मित्रांचं सामायिक टोपणनाव. 1987 मध्ये दोघे वेगळे झाले. डोरेमॉन फुजिमोतोंचा, हत्तोरी आबिकोंचा. त्यामुळे साचा सारखा वाटणं साहजिक आहे (रडूबाई मुलगा, घरात आलेला करामती पाहुणा), पण नक्कल कुणी कुणाची केली नाही.

आणि माझ्या मते हत्तोरी जास्त गमतीचा. डोरेमॉनच्या खिशातून काहीही निघतं, मग अडचण ती काय उरली? हत्तोरीला स्वतः राबावं लागतं, शिवाय बेडूक दिसला की इगा घराण्याच्या या शूर निंजाची पार गाळण उडते. त्यात विरोधी कोगा घराण्याचा निंजा केमुमाकी, म्हणजे आपल्या हिंदी डबिंगमधला अमारा. दर वेळी तोंडावर आपटतो तरी पुढच्या भागात नवा कट घेऊन हजर! खरं तर मालिका त्याच्याच जिवावर चालते.

लेखात राहून गेलेली एक गोष्ट: 1981 ची मालिका पूर्ण जपानी, पण 2012 ची नवी मालिका जपानच्या शिन-एई या अॅनिमेशन स्टुडिओने आणि भारतातल्या रिलायन्स मीडियावर्क्सने मिळून केली. आबिकोंच्या जपानमधल्या हिमी गावाकडे जाणाऱ्या रेल्वेच्या डब्यांवरही हत्तोरी रंगवलाय म्हणे. त्यावर एक स्वतंत्र लेख येऊ द्या की!