कटिंग झालंय ताई, फक्त शिलाई बाकी

आमच्याकडे नवरा "कटिंगला जाऊन येतो" म्हणून उठतो आणि अर्ध्या तासात डोकं हलकं करून, वर कोपऱ्यावर एक कटिंग मारून परत येतो. सोमवारी सलून बंद असतं एवढं लक्षात ठेवलं की झालं, बाकी खुर्चीत बसायचं, "मीडियम ठेव" म्हणायचं, संपला विषय. सासरे सकाळी घरात कोणी पेपर उघडायच्या आत मधुमेहावरच्या लेखाचं कटिंग काढून फाइलला लावतात, त्यामुळे मागच्या पानावरच्या शब्दकोड्यातले आडवे शब्द गायब होतात आणि आम्ही उभ्यांवर भागवतो. आणि सासूबाई सोसायटीत कुणाच्याही कुंडीतल्या जास्वंदीचं कटिंग विचारून आणतात, विचारून म्हणजे आधी तोडतात मग विचारतात.

तर ही सगळी सुखाची कटिंगं. केस वाढतात, जास्वंद फुटते, अर्धा चहा पुरला नाही तर अजून अर्धा मागवता येतो. कापडाचं तसं नाही ना. ते एकदा कापलं की कापलं, आणि हे माझ्यापेक्षा आमच्या टेलर मास्टरना जास्त माहितीये.

झालं असं की भाचीचं लग्न ठरलं आणि मी पैठणी घेतली. पैठणीचा ब्लाऊजपीस साडीतच विणलेला असतो, म्हणजे बिघडला तर मॅचिंग सेंटरवाल्याकडे जाऊन "हाच रंग द्या" म्हणायची सोय नाही, तो गुलबक्षी रंग हुबेहूब मिळणार तरी कुठे. डोंबिवलीत लेडीज टेलर काय पैशाला पासरी आहेत, पण पैठणीचं ब्लाऊज म्हटलं की बायका आमच्या मास्टरांकडेच रांग लावतात, कारण त्यांचं कटिंग. शिवायला कारागीर असतात, ते येतात जातात, गावाला जातात, भांडून शेजारच्या दुकानात जातात. कात्री मात्र मास्टर कुणाच्या हातात देत नाहीत.

माप द्यायचा कार्यक्रम तर विचारू नका. मास्टर टेप लावून आकडे मोठ्याने पुकारणार, मुलगा ते पावतीपुस्तकात लिहिणार, आणि मागे उभ्या असलेल्या अख्ख्या बिल्डिंगला आपला घेर तोंडपाठ होणार. कोपऱ्यातून इवलीशी चिंधी कापून पावतीला स्टेपल केली की तुमचं कापड दुकानात दाखल. मी नेहमीचं सगळं सांगितलं, अस्तर आधी पाण्यातून काढा नाहीतर पहिल्याच धुण्यात आटतं आणि वरचं कापड फुगे धरतं, गळा फार मोठा नको, आणि आत माया ठेवा. माया म्हणजे शिवणीच्या आतलं जास्तीचं कापड, लग्नातली जेवणं संपली की तेवढीच उपयोगी पडते. "किती ठेवू?" मास्टरनी विचारलं. म्हटलं, जमेल तेवढी ठेवा, आमच्याकडे कमीच पडते.

मग सुरू झाल्या चकरा. आधी "कटिंगला घेतोय ताई". मग "कटिंगला घेतलंय". आणि मग ते ऐतिहासिक वाक्य, "कटिंग झालंय, फक्त शिलाई बाकी". ऐकणाऱ्याला वाटतं वा, म्हणजे अर्ध्याहून जास्त काम झालं. अजिबात नाही हो. त्याचा अर्थ एवढाच की आता तुम्ही कुठे जाऊ शकत नाही. कापड अख्खं असेपर्यंत ते उचलून दुसरीकडे देता येतं, पण कापलेल्या तुकड्यांना दुसरा टेलर हात लावत नाही, "दुसऱ्याचं कटिंग आम्ही शिवत नाही" असं तोंडावर सांगतो, आणि त्याचंही बरोबर आहे, उद्या मुंढा आवळला तर शिव्या कोणी खायच्या. म्हणून लग्नसराई लागली की हुशार मास्टर म्हणे आधी सगळ्यांची कापडं कापून घेतो आणि मग निवांत शिवत बसतो. गिऱ्हाईक बांधलेलं राहतं.

माझ्या आजीला असली भानगडच नव्हती. ती गुळेदगुड्डच्या खणाची चोळी घालायची, पुढे गाठ मारायची की झालं, जाड झाली तर गाठ सैल, बारीक झाली तर घट्ट. हुक नाही, टक्स नाही, प्रिन्सेस कट नाही, ट्रायल नाही. आणि आम्ही एवढे शिकून मागच्या लटकनाला मणी की गोंडे यावर वीस मिनिटं बोलतो. (जाता जाता, आयटीआयमध्ये पूर्वी कटिंग अँड स्युइंग नावाचा ट्रेड होता, त्याचं पुढे स्युइंग टेक्नॉलॉजी झालं. म्हणजे नावातल्या कटिंगलाच कात्री लागली! आमच्या मास्टरना हे सांगितलं तर दोन दिवस दुकान बंद ठेवतील.)

शेवटी लग्न तोंडावर आलं, इकडे मेंदीवाली ठरली, बस ठरली, ब्लाऊजचा पत्ता नाही. मी दुकानात जाऊन ठाण मांडलं. म्हटलं, "मास्टर, झालेलं कटिंग दाखवा, मगच उठते." मास्टर फळीवरची गाठोडी उचकायला लागले. एक निघालं मोरपंखी, एक मोतिया, एक कुणाचं तरी हिरवं. सगळ्यात खालून माझी पिशवी निघाली आणि आत ब्लाऊजपीस, मी दिला होता त्याच घडीत, अख्खा.

"हे काय? कटिंग झालंय म्हणालात ना?"

"झालंय ना ताई, डोक्यात झालंय. कटिंग आधी डोक्यातच होतं."

आता हीच संधी होती, पिशवी उचलायची आणि चालू पडायचं. पण मी हात पुढे करेपर्यंत मास्टरनी कापड टेबलावर पसरून चौपदरी केलंसुद्धा. खडू फिरला, मुंढ्याची गोलाई एका दमात, पट्टी नाही की साचा नाही, नुसता मनगटाचा हिसका. मग ती काळी वजनदार कात्री, खालचं पातं टेबलाला घासत, न उचलता, खर्रर्र करत गेली. पाठ, पुढा, बाही, पट्टी. खोटं का बोला, बघत राहिले मी. माणूस लबाड आहे पण हात देवाचा आहे. तुकडे एकावर एक ठेवून त्यांनी त्याच कापडाच्या काठाची पट्टी गुंडाळली आणि एकदम गंभीर चेहऱ्याने माझ्याकडे बघून म्हणाले, "झालं ताई. आता फक्त शिलाई बाकी."

लग्नाच्या आदल्या रात्री शटर अर्धं खाली असताना ब्लाऊज हातात पडलं. घरी जाऊन घातलं तर असं बसलं की भांडायला जागाच ठेवली नाही, मायासुद्धा भरपूर. फक्त एक प्रश्न राहिला होता म्हणून फोन केला. "मास्टर, कापड चांगलं 1 मीटर होतं, उरलेलं कुठेय?"

"ते कटिंगमध्ये गेलं ताई."

दुसऱ्या दिवशी हॉलवर वरपक्षाच्या एक बाई माझ्या पुढच्याच रांगेत बसल्या होत्या. त्यांचं मोतिया रंगाचं ब्लाऊज, त्याला गळाभर गुलबक्षी पायपिंग, पाठीवर गुलबक्षी कापडाची गोल बटणं ओळीने, आणि खाली दोन टपोरी लटकनं, तीही गुलबक्षी. मी अंतरपाट बघायचा सोडून ती पाठच बघत बसले. मंगलाष्टकं संपल्यावर राहवेना, विचारलं, छान आहे हो, कुठे शिवलंत? डोंबिवलीतच, आमचे एक मास्टर आहेत, त्या खुशीत म्हणाल्या. "वेळेवर देत नाहीत मेले, पण कटिंग असं करतात ना, चिंधीसुद्धा वाया जाऊ देत नाहीत!"