‘शेवटची पद्मिनी गेली’ म्हणणाऱ्यांना उत्तर

२०२३ च्या ऑक्टोबरअखेर काळी-पिवळी प्रीमियर पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यांवरून कायमची गेली. तेव्हापासून एक मजकूर फिरतो आहे. शब्द बदलतात, म्हणणं तेच असतं: शेवटची पद्मिनी संपली, आता उरल्यासुरल्या गाड्यांच्या याद्या कशाला करायच्या? सगळी नोंद आरटीओकडे आहेच. शिवाय हा पैसेवाल्यांचा नाद, त्यातून गाड्यांचे भाव वाढतात, बाकी काही नाही. मी गेली काही वर्षं फियाट आणि पद्मिनींची अशीच वही ठेवतो आहे, त्यामुळे हे वाचून गप्प बसवत नाही.

पहिली गोष्ट, संपली ती टॅक्सी. मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची वयोमर्यादा आहे. पद्मिनीचं उत्पादन २००१ च्या सुमारास थांबलं, पण शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेव आरटीओत नोंदली गेली २९ ऑक्टोबर २००३ ला. तिची वीस वर्षं भरली आणि ती उतरली. घरच्या गाडीला ही मर्यादा नाही. पंधरा वर्षांनी तपासणी करून घ्यायची, पर्यावरण कर भरायचा, पुढे दर पाच वर्षांनी पुन्हा पासिंग. दिल्ली परिसरातल्या पंधरा वर्षांच्या बंदीच्या बातम्या वाचून ती आपल्याकडेही आहे असं समजणारे फार भेटतात. माझ्या वहीतल्या दोन गाड्या याच गैरसमजापायी भंगारात गेल्या. दोन्ही चालू होत्या.

आता ‘नोंद आरटीओकडे आहेच’ हा मुद्दा. तो ऐकायला बिनतोड वाटतो, म्हणून त्यावर जरा थांबतो. आरटीओच्या नोंदीत नंबर, मालक, चॅसी क्रमांक, इंजिन क्रमांक आणि मुदत असते. गाडी रस्त्यावर आणायची परवानगी आहे का, एवढंच त्या नोंदीला सांगायचं असतं. गाडी आहे का, हा प्रश्न तिला कुणी विचारतच नाही. नोंदणी रद्द न करता तोडून विकलेली गाडी कागदावर तशीच राहते. उलट गोठ्यामागे ताडपत्रीखाली धडधाकट उभी असलेली गाडी मुदत संपली म्हणून कागदावर जवळजवळ मेलेली असते. बीएम, एमआर, एमएमने सुरू होणाऱ्या जुन्या नंबरांच्या गाड्यांचं तर विचारूच नका. मालक बदलले, गावं बदलली, आरसी बुकाच्या घड्या फाटल्या, आणि बुकात गाडीचं वर्णन एका शब्दात: फियाट.

कुठली फियाट? पुढचे दरवाजे उलटे उघडणारी, जिला सगळे डुक्कर फियाट म्हणायचे ती? १९६४ नंतरची डिलाइट? सत्तरीच्या सुरुवातीची प्रेसिडेंट? १९७४ पासूनची पद्मिनी, की अगदी शेवटी आलेली डिझेलवरची १३७ डी? आतलं १०८९ सीसीचं इंजिन मूळचंच आहे, की मधल्या कुणा मालकाने पेट्रोल परवडेना म्हणून दुसऱ्या गाडीचं डिझेल इंजिन बसवलं? हे बॉनेट उघडल्याशिवाय कळत नाही, आणि बॉनेट उघडायला कुणीतरी त्या गावी जावं लागतं.

वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये उभी केलेली, या सगळ्या गाड्या बनवणारी प्रीमियर ऑटोमोबाइल्स आज गाड्या बनवत नाही. अमुक क्रमांकाची चॅसी कुठल्या वर्षी बाहेर पडली हे सांगणारी खिडकी कुठे उघडी नाही. मग उरलेल्या गाड्यांनाच विचारावं लागतं. शेदोनशे गाड्यांचे चॅसी क्रमांक आणि पहिल्या नोंदणीच्या तारखा शेजारीशेजारी लिहिल्या की क्रम दिसायला लागतो. एखादी गाडी त्या क्रमात बसली नाही, तर पाटी बदललेली आहे किंवा दोन गाड्यांची एक केलेली आहे, असा संशय घेता येतो. एकट्या गाडीवरून हे कधीच उमगणार नाही.

आणि तारखांना आता कायद्याने वजन आलं आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्राने व्हिंटेज वाहनांचे नियम काढले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं उलटलेली, मूळ रूपात राहिलेली दुचाकी किंवा चारचाकी ‘व्हीए’ अक्षरांच्या वेगळ्या नंबरमालिकेत नोंदवता येते. नव्या नोंदणीला वीस हजार रुपये, मुदत दहा वर्षं. चांगला नियम आहे. पण हिशेब करून बघा. सगळ्यात पहिल्या पद्मिनीची पन्नाशी २०२४ मध्ये भरली. १९८५ च्या गाडीला २०३५ पर्यंत थांबायचं आहे, १९९५ च्या गाडीला २०४५ पर्यंत. जुन्या वाहनांचा जागतिक महासंघ तीस वर्षांच्या गाडीला ऐतिहासिक मानतो. आपल्याकडे पंधरा आणि पन्नास यांच्या मधली गाडी फक्त जुनी. गाड्या मोडीत निघतात त्या याच पस्तीस वर्षांत. आणि ‘मूळ रूपात’ हे दाखवायला आजचे फोटो आणि क्रमांक लिहून ठेवलेले नसतील, तर २०४५ मध्ये ते कुठून आणणार?

पैसेवाल्यांचा नाद? रोल्स-रॉइसबद्दल कुणी म्हणालं असतं तर मी वाद घातला नसता. माझ्या वहीत निवृत्त शिक्षक आहेत, वडिलांची गाडी विकवत नाही म्हणून ठेवलेला किराणा दुकानदार आहे. त्यांना वहीचा उपयोग होतो तो सुट्या भागांसाठी. काच फुटली, मागचे स्प्रिंगचे पाटे बसले, कार्बोरेटरचं किट मिळेना, की ऑपेरा हाउस, कुर्ला, पुण्याची नाना पेठ पालथी घालून झाल्यावर कुणाकडे त्याच मॉडेलचा सांगाडा पडून आहे हे वहीतूनच सापडतं. अशा चार गिऱ्हाइकांची खात्री असेल तर मेस्त्रीही रबरी भाग एकगठ्ठा पाडून घेतो.

भाव वाढतात, हे काही अंशी खरं आहे. भाव वाढलेली गाडी भंगारवाल्याला किलोवर जात नाही, मला त्यात वाईट दिसत नाही. चोरांना यादी मिळते ही भीती मात्र रास्त आहे, मी ती मान्य करतो. मालकाचं नाव, पत्ता आणि पूर्ण चॅसी क्रमांक उघड करणारी नोंदवही ठेवूच नये. माझ्याकडे ती माहिती वेगळ्या वहीत असते आणि मालकाला विचारल्याशिवाय ती कुणाला दिसत नाही.

धुराचं म्हणाल, तर एका किलोमीटरला पद्मिनी आजच्या गाडीपेक्षा जास्त धूर सोडते, यात वाद नाही. पण महिन्यातून एखाद्या रविवारी निघणारी गाडी शहराची हवा बिघडवत नाही, आणि ‘व्हीए’ नंबरच्या गाडीला रोजच्या वापराची परवानगीच नाही.

तुमच्या वाड्यात, शेडमध्ये, आजोळी एखादी उभी असेल, तर भंगारवाल्याला फोन करण्याआधी बॉनेट उघडा. फडक्याने पुसून चॅसी क्रमांक आणि इंजिन क्रमांक उतरवून घ्या, बुकाच्या सगळ्या पानांचे फोटो काढा, मागे लिहिलेल्या जुन्या मालकांच्या नावांसकट. नंतर विकायची तर विका.